माप

गावातलं प्रत्येक मनगट मला ठाऊक आहे,
असं मी म्हणायची.
कलाबाई अडीच, हाडापाशी अडते, साबण लागतो.
कोळीवाड्यातली निंबा सव्वादोन,
हात हातात आहे की नाही कळू नये इतका हलका.
मी द्रुपदा कासार.
धंदाच माझा हात धरायचा.

मग हात धरणंच बंद झालं.
टोपली माळ्यावर गेली.
केळीचे घड झाडावरच पिवळे पडले, मग काळे,
गाड्या आल्या नाहीत.
हसिना तडवी तेवढी फिरायची,
आशाताई, पाड्यापासून फाट्यापर्यंत,
तोंडाला दुहेरी ओढणी,
पिशवीत बोटाला लावायचा चिमटा.
ती बोट धरायची. मी ओट्यावरून बघायची.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.
एकदा सत्तर म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही.
मापं मलाही कळतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात अकरा माणसं गेली.
जळगावहून प्लास्टिकमध्ये आली,
किंवा आलीच नाहीत, नुसता फोन आला.
खांद्याला माणूस मिळेना,
पण बांगड्या फोडायला बायका वेळेवर हजर.
मास्क लावून. अंतर राखून. हातात वरवंटा.

निंबाच्या दारात हसिना आडवी उभी राहिली.
फार मोठं काही बोलली नाही.
म्हणाली, काच मनगटात घुसली
तर टाके घालायला डॉक्टर कुठून आणू?
सगळ्या थबकल्या.
तिचं पटलं म्हणून नाही, टाक्यांना भिऊन.
तेवढ्यात मागून सुपडाबाई आली,
चाळीस वर्षं कोऱ्या हातांनी केळीची पानं कापणारी.
"हाई काच शे व माय," म्हणाली, "नवरा नही."
आणि वरवंटा उचलून आपल्या घरी घेऊन गेली.
तो अजून तिच्याकडेच आहे,
मिरची त्यावरच वाटते.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्यांची घागर भरतात.
वर डांगर, शेजारी सांजोरी, विस्तवावर आगारी.
घागर मुलानं भरायची, नाहीतर पुतण्यानं.
पुतणे सुरतेत अडकलेले.
मग बायकांनीच भरल्या.
कुणी ठरवलं नव्हतं,
रांजण जवळ होता, घागर हातात होती.

त्याच सकाळी हसिना माझ्या दारात.
माळ्यावरची टोपली काढ.
म्हटलं, आत्ता कोण विकत घेणार?
म्हणाली, विकायला नाही. विचारायला चल.

नऊ घरं.
तिघींनी कडी लावली.
एकीच्या दिरानं शिवी दिली, ती मी ठेवून घेतली,
उधारीच्या वहीत लिहितात तशी.
एका घरी सासूनंच सुनेचा हात पुढे केला
आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली.
सॅनिटायझरच्या ओल्या हातावर
बांगडी साबणाहून सहज सरकते,
हे मला माझ्या सासऱ्यानं शिकवलं नव्हतं.
निंबाला सव्वादोन सैल झाली.
दोन महिन्यांत मनगट उतरलं होतं.
मी लहान काढली. ती म्हणाली,
राहू दे, भरेल हात.

परतताना सुपडाबाई बांधावर उभी.
"मना हात दख."
धरला.
केळीच्या चिकानं काळी बोटं, नखं तुटकी.
आणि मला कळलं, हे माप मला ठाऊक नाही.
तिचंच नाही,
गावातल्या कुठल्याच कोऱ्या हाताचं नाही.
इतकी वर्षं मी त्यांच्या दारावरून
टोपली डोक्यावर घेऊन, आवाज न देता गेले होते.

अंदाजानं अडीच काढली. चुकली.
दुसरी काढली. तीही चुकली.
हिरवी नको म्हणाली. लाल नको.
टोपलीच्या तळाशी निळ्या होत्या, जुन्या, कुणी न घेतलेल्या.
त्या बसल्या.

पंचायतीचा ठराव वर्षभरानं आला,
माझं नाव त्यात दुर्गा छापलंय.
सुपडाबाई रात्री बांगड्या काढून
डाळीच्या डब्यात ठेवते म्हणे,
सुनेला दिसू नयेत म्हणून.
सकाळी घालते.
केळीच्या बागेत आता
ती दिसायच्या आधी ऐकू येते.